नमुना क्रमांक एक

एवाल्दो, तू विचारलंस म्हणून सांगते.
तिसऱ्या ओळीतल्या त्या शब्दात
एक अक्षर जास्तीचं आहे, मला ठाऊक आहे.
चूक अर्धी माझी, अर्धी हरमटानची.
जानेवारीत वाळवंटाकडून तो वारा सुटला
की टाइपरायटरच्या पोटात धूळ साचायची
आणि एकदा दाबलेली कळ दोनदा उमटायची.

देश तेव्हा दहा वर्षांचा होता.
इतका कोवळा, की कपाटात फायली कमी
आणि वाळवी जास्त.
कशालाच पायंडा नव्हता.
राष्ट्राध्यक्षांनी मेजवानीत मासा हाताने खाल्ला
की दुसऱ्या दिवसापासून मंत्र्यांचे काटेचमचे कोरडे.
सेमेदोंना हे कळत होतं.
ते शिंकायचेसुद्धा जपून.

संत होते असं नाही हं.
तेओदोराबाईंच्या छापखान्याला त्यांनी
नऊ दिवस कुलूप ठोकलं होतं. हुकूम मीच टाइप केला.
ती फाइलही आहे अजून, खालच्या कप्प्यात,
आणि नंतरच्या प्रत्येकाने ती उघडून पाहिलीय.
पायंड्याला चांगलं-वाईट कळत नाही.
पाऊल पडलं की गवत मोडतं, एवढंच.

मग ती जानेवारी. दुसरी मुदत संपत आलेली.
घटनेत तशी ओळ होती,
पण ओळ काय, शाईची.
बराकीतून निरोप यायचे: राहा, आम्ही आहोत.
काजू विकणाऱ्या बायका म्हणायच्या,
घरचा कर्ता असा मधेच उठतो का?
नदीपलीकडच्या देशात कर्ता
खुर्चीतच म्हातारा झाला होता.
त्याच्या पलीकडच्या देशात
खुर्चीसकट उचलून नेला होता.

मला आत बोलावलं. म्हणाले,
पत्र लिहायचंय, झेफेरिना. नमुना आण.
मी म्हटलं, नमुना नाही, साहेब.
याआधी कुणी गेलंच नाही.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.
आंब्याखाली पहारेकरी क्विंतिनो
बुटाची नाडी बांधत होता.
मग साधं लिही, म्हणाले,
पुढच्याला उतरवून घेता आलं पाहिजे.

पाच ओळी. आभार नाहीत, इतिहास नाही,
देवालाही मधे आणलं नाही.
आज दुपारी बारा वाजता
मी कार्यभार सोडत आहे.
किल्ल्या सात. रोख शिल्लक सोबतच्या तक्त्यात.
छत्री माझी स्वतःची आहे, ती नेत आहे.

सही करताना त्यांना ते अक्षर दिसलं.
मी म्हटलं, पुन्हा टाइप करते.
पावणेबारा झाले होते.
राहू दे, म्हणाले.

बाराला फाटकाशी आले, छत्री काखेत.
क्विंतिनो गोंधळला. माजी राष्ट्राध्यक्षाला
सलाम किती उंच करायचा
त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
हात छातीपर्यंत गेला आणि तिथेच लोंबला.
सेमेदोंनी तो हात हातात घेतला, हलवला,
आणि पोस्टाच्या गल्लीतून चालत घरी गेले.

त्या रात्री बराकीतले दिवे विझेनात.
मी चपला उशाशी घेऊन झोपले.
सकाळी पाववाला
नेहमीच्या वेळी आला.

त्यानंतर पाच जण गेले.
एक रडला. एकीने पेन असं आपटलं
की गालिच्यावर अजून डाग आहे.
पण कागद तोच, कारण घाईच्या वेळी
कपाटात दुसरा सापडत नाही.

तुझा कॉम्प्युटर त्या शब्दाखाली
लाल रेघ ओढतो म्हणतोस.
ओढू दे.
आणि छत्रीची ओळ गाळू नकोस.
चौथ्याकडे छत्री नव्हतीच.
आदल्या संध्याकाळी बाजारातून
विकत आणली होती त्याने.